डाव्या पापणीवरचा फोकस

काकूंना जपात डुलकी लागते, ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक स्वतः काकू आणि दुसरा देव. देवाने ती कुणाला सांगितली नव्हती आणि काकूंना कुणी विचारलं नव्हतं. अकरा वर्षं हे असं सुखाने चाललं होतं. मग घरात झूम लेन्स आली.

काकूंचे नेम दोन. सकाळचा चहा झाला की पूर्वेच्या खिडकीपाशी आसन घालून चाळीस मिनिटं जप करायचा, आणि त्या वेळात तोंडातून शब्द काढायचा नाही. हा पहिला. दुसरा म्हणजे खोटं बोलायचं नाही. संध्याकाळी त्या पुन्हा खिडकीशी बसायच्या आणि दिवसभरात काय काय चुकलं ते देवाला हळू आवाजात सांगून टाकायच्या. त्यातलं पहिलं वाक्य ठरलेलं असे: आजही डोळा लागला. बाकीची बदलत.

पण घरात, इमारतीत आणि नातेवाइकांत काकूंची ख्याती अशी की, काकू जपाला बसल्या की दगड. याला पुरावाही होता. एकदा खिडकीतून चिमणी आत आली, काकूंच्या खांद्यावर बसली, इकडेतिकडे पाहून निवांत पंख साफ करून गेली. काकांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि नंतर सगळ्यांना सांगितलं होतं. काकूंना मात्र चिमणी आल्याचं काकांकडूनच कळलं. त्या वेळी त्या गाढ झोपल्या होत्या.

काका म्हणजे काकूंचे यजमान. वजनमापं तपासायच्या खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू, काट्यांची जीभ, मापांचे काठ हे सगळं पाहून पास किंवा नापास करायचं आणि पास झालं तर शिक्का मारायचा, हे त्यांचं आयुष्य. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना पितळेचं एक किलोचं प्रमाण वजन मखमलीच्या पेटीत घालून दिलं होतं. ते कपाटात असे, पण काकांच्या बोलण्यात रोज असे. "आधी प्रमाण पाहायचं, मग वस्तू," हे त्यांनी मुलीला अभ्यासाबद्दल, जावयाला नोकरीबद्दल आणि वाण्याला साखरेबद्दल सांगून झालं होतं.

तर लेन्स का आली, तर अक्कांमुळे. अक्का म्हणजे काकांची मोठी बहीण. एकतीस वर्षांपूर्वी सगळं कुटुंब एकत्र जमलं असताना काकांनी कुणाचा तरी कॅमेरा मागून आणून सत्तावीस जणांचा फोटो काढला. सव्वीस चेहरे ओळखू येत होते. सत्ताविसावा अक्कांचा. तिथे धुकं होतं आणि धुक्यातून एक नथ लुकलुकत होती. अक्कांनी तो फोटो चौकट करून दिवाणखान्यात लावला आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. "हा माझा भाऊ. जगाचे तराजू तपासतो. मला मात्र जिवंतपणीच पुसून टाकलंय त्याने."

आता अक्कांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. सगळे पुन्हा जमणार होते. फोटोवाला सांगायचं ठरत असताना काकांनी फोनवर मध्येच सांगितलं, "फोटो मी काढणार."

पलीकडून अक्का म्हणाल्या, "बाळ्या, हा हट्ट सोड ना. मला आता आणखी एकतीस वर्षं थांबता येणार नाही रे."

काकांनी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन आले. बरोबर ती लेन्स. दंडाएवढी लांब, मुठीएवढी जाड, फिरवली की दूरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे नाकापाशी आणणारी. त्यात ऑटोफोकस होता. म्हणजे आपण फक्त चौकोन चेहऱ्यावर ठेवायचा, बटण अर्धं दाबायचं, लेन्स आतल्या आत गुरगुरून स्वतःच नजर लावते आणि चिक असा आवाज करून लागली म्हणून सांगते. काकांना हे फार आवडलं. एकतीस वर्षांपूर्वीचा दोष माणसाच्या हाताचा होता, आता माणूसच मधून गेला.

काकांनी पहिल्याच संध्याकाळी वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवून लेन्सची तपासणी केली, कारण तपासल्याशिवाय वस्तू वापरणं त्यांना जेवण न चावता गिळण्यासारखं वाटे. पानाच्या डाव्या बाजूच्या छोट्या जाहिराती टाचणीसारख्या स्पष्ट आल्या. उजव्या बाजूला घरं भाड्याने देणारे सगळे लोक धुक्यात गेले होते. पान काढून उलटं चिकटवलं. तरीही उजवीकडचंच पुसट.

"बघ," काका काकूंना म्हणाले, "आतली काच कुठेतरी तिरकी बसलीय. आणि हे असं विकतात. शिक्का न मारलेलं वजन बाजारात."

वरच्या मजल्यावरचे बँकवाले, जे निवृत्त झाल्यापासून इमारतीतल्या प्रत्येक बिघाडाला हजर असतात, ते आले आणि म्हणाले की नवी लेन्स अशीच असते, तिला बसायला सहा महिने लागतात, बुटासारखं. समोरच्या वहिनींनी दारातूनच विचारलं, "मोबाइलने काढा की. माझा भाचा मोबाइलनेच काढतो, छान येतात." काकांनी दोघांना चहा दिला आणि दोघांवरही मनातून नापासाचा शिक्का मारला.

कंपनीच्या सेवा केंद्रात काकांचे पाच फेरे झाले. पहिल्यांदा टोकन घेतलं, पण खिडकीतल्या गृहस्थाने सांगितलं की खोकं पाहिजे. दुसऱ्यांदा खोकं नेलं, तर खोक्यातला थर्माकोल पाहिजे. तिसऱ्यांदा थर्माकोल नेला तेव्हा लेन्स ठेवून घेतली आणि चौथ्यांदा ती परत दिली, वर चिठ्ठी: दोष आढळला नाही. काकांनी चिठ्ठी वाचली, खिशातून वर्तमानपत्राचा तोच कागद काढला आणि केंद्राच्या भिंतीवर, कंपनीच्याच पोस्टरवर, चिकटवला. पाचव्या फेरीत लेन्स बदलून मिळाली.

हा विजय काकूंना महागात पडला. कारण काकांची आता खात्री झाली की कंपनी तपासत नाही, आपणच तपासायचं, आणि कडक तपासायचं.

दुसरी लेन्स वर्तमानपत्राच्या परीक्षेत चारी कोपऱ्यांनी पास झाली. काका खूश व्हायला हवे होते. पण जेवताना त्यांचा घास मध्येच थांबला.

"अक्का काही वर्तमानपत्र नाही," ते म्हणाले. "माणसावर तपासलं पाहिजे. पण माणूस हलतो. न हलणारा माणूस पाहिजे."

त्यांनी मान वर केली आणि काकूंकडे पाहिलं. काकूंच्या हातातला डाव आमटीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी काकू जपाला बसल्या तेव्हा समोर तीन पायांचा स्टँड उभा होता. वर कॅमेरा. काकांनी फोकसचा चौकोन काकूंच्या डाव्या पापणीवर नेऊन ठेवला. बटण दाबताना हाताचा धक्का लागू नये म्हणून त्यांनी टायमर लावला होता. बटण दाबलं की लेन्स पापणीवर नजर लावे, मग कॅमेरा दहा सेकंद टिकटिक करे आणि मग फोटो निघे. तेवढ्यात काका चार पावलं मागे जाऊन श्वास रोखून उभे राहत. निरीक्षकाच्या श्वासानेही प्रमाण ढळू नये, ही त्यांची शिस्त.

पहिली दहा मिनिटं काकू टक्क जाग्या होत्या. कुणी आपल्या पापणीवर एवढं प्रेम दाखवतंय म्हटल्यावर झोप कुठली. पण टिकटिक एकसुरी होती, ऊन कोवळं होतं, आणि माळेचे मणी बोटांखालून सरकत होते. अकराव्या मिनिटाला नेहमीची पाहुणी आली.

चाळीस मिनिटांनी डोळे उघडले तेव्हा काका कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात डोकं घालून बसले होते.

"पाहिलंस?" ते म्हणाले. "नजर लावली पापणीवर. आणि स्पष्ट काय आलंय, तर कान. पुढच्यात कानही नाही, अंबाडा. आणि या तिसऱ्यात नाकाचा शेंडा. कधी मागे लावते, कधी पुढे. ही लेन्स आहे की घरजावई?"

काकूंनी फोटो पाहिला. फोटोतल्या बाई अगदी शांत, देवाच्या चरणी लीन दिसत होत्या. फक्त काकूंना कळत होतं की पापणीवर नजर लावल्यानंतरच्या दहा सेकंदांत त्या बाई चार बोटं पुढे कलंडल्या आहेत. म्हणून कान. आणि पुढच्या खेपेला दचकून मागे गेल्या आहेत. म्हणून नाक.

त्या माळ गुंडाळत स्वयंपाकघरात गेल्या.

संध्याकाळी त्यांनी देवाला सांगितलं, आजही डोळा लागला. मग थांबून म्हणाल्या, आणि आज त्याचे एकवीस फोटो निघाले.

पुढचे आठ दिवस रोज सकाळी पापणीची परीक्षा होत राहिली. काकांनी एक फाइल केली. रोजचे निवडक फोटो मोठे छापून, प्रत्येकाखाली तारीख, वेळ, अंतर, आणि लाल शाईने शेरा: कान. कान. नाक. अंबाडा. कान. बँकवाले येऊन फाइल चाळत आणि म्हणत, "वहिनी, तुमचं चित्त मात्र काय लागलंय हो." काकू पदर सारखा करत स्वयंपाकघरात जात.

त्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. एका सकाळी चेहऱ्यावर गार पाणी मारून बसल्या. एका सकाळी मांडीखाली सुपारीएवढा खडा ठेवला. खडा फार टोचला, त्यामुळे झोप लागायला वीस मिनिटं लागली आणि त्या दिवशी निम्मे फोटो पापणीवर अचूक आले. काकूंना वाटलं, सुटलो. काकांनी फोटो पाहिले आणि त्यांचा चेहरा आणखी काळवंडला.

"म्हणजे बिघाड अधूनमधून होतो," ते अगदी हळू म्हणाले. "हा सगळ्यात वाईट प्रकार. कायम खोटं मोजणारा तराजू परवडला. अक्का समोर बसल्यावर ही कधी फितूर होईल, सांगता येणार नाही."

काकूंनी धीर केला. "अहो, मीच हलत असेन."

काका हसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले. "तू हललीस तर पेपरात भूकंपाची बातमी येईल." आणि लगेच चिमणीची गोष्ट सांगू लागले, काकूंनाच.

त्या संध्याकाळी काकूंनी देवाला सांगितलं की खोटं बोलले नाही, पण खरं अर्ध्यातच सोडलं. हे कुठल्या नेमात बसतं ते त्यांना ठरवता आलं नाही. देवानेही काही सुचवलं नाही.

खरं म्हणजे सांगायला काय हरकत होती, असं कुणीही विचारेल. झोप सगळ्यांना येते. पण काकूंकडे स्वतःचं म्हणून फार थोडं होतं. शिक्षण बेताचं, बोलणं हळू, चारचौघांत त्यांचं म्हणणं कुणाला ऐकूच जात नसे. लोक त्यांना मान देत तो या चाळीस मिनिटांसाठी. सून निवडताना, घर घेताना, भांडण मिटवताना "काकूंना विचारा" म्हणत ते याच जोरावर. आणि काका तर अक्कांसमोरही एकाच गोष्टीवर मान ताठ करत: "आमच्या हिची बैठक पाहा." ती बैठकच डुगडुगती निघाली तर उरायचं काय, हा प्रश्न त्यांना माळ ओढताना पडे. मग त्याच विचाराने शिणून डोळा लागे.

दुसरी लेन्स परत गेली. तिसरी आली. तिसरीनेही कान आणि नाक असाच कारभार केला. आता काकांनी केंद्राचा नाद सोडला आणि बेचाळीस पानी फाइलची प्रत थेट मुख्य कार्यालयाला पाठवली. तक्रारीत त्यांनी मुद्दा धरला तो तपासणीच्या चिठ्ठीवरच्या सहीचा. तिन्ही लेन्सच्या चिठ्ठ्यांवर एकच सही होती. "सदर तंत्रज्ञाने न तपासता सही केली असल्याचा दाट संशय येतो," असं त्यांनी लिहिलं आणि काकूंना वाचून दाखवलं. वाक्य फार भारदस्त होतं. काकूंनी डाळ निवडता निवडता ऐकलं, आणि दुपारी त्यांना दिसलं की त्यांनी खडे पातेल्यात टाकलेत आणि डाळ फेकलीय.

अक्कांच्या वाढदिवसाला आठ दिवस राहिले असताना फोन आला. काका खाली गेले होते. काकूंनी घेतला.

"काका आहेत का?" बाईचा आवाज होता, दमलेला आणि नम्र. "मी सेवा केंद्रातून बोलतेय. लेन्स तपासते ती मी."

"ते बाहेर गेलेत. मी त्यांची बायको."

"अच्छा. मग काकू, तुम्हीच सांगाल का त्यांना? तिन्ही लेन्स मीच तपासल्या होत्या हो. पहिलीत चूक झाली माझी, ते मी लिहूनही दिलं. पण बाकीच्या दोन मी तीन-तीन वेळा तपासल्या. माझं कायम व्हायचं प्रकरण या महिन्यात होतं, ते त्या तक्रारीखाली अडकलंय. मी रागाने नाही हो म्हणत. एकदा माझ्यासमोर तपासाल का, एवढंच."

काकूंच्या तोंडून फक्त "सांगते" एवढंच आलं.

इतके दिवस गोष्ट त्यांची, काकांची, अक्कांची आणि देवाची होती. आता तिच्यात एक परकी बाई येऊन उभी होती, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, आणि तिची चूक एवढीच की काकूंना सकाळी झोप येते.

काकांनी निरोप ऐकला आणि त्यांना जोर चढला. "समोर तपासायचंय? तपासू. मी माझं प्रमाण बरोबर घेऊन येतो."

"कुठलं? पितळेचं?" काकूंनी आशेने विचारलं.

"तू चल," काका म्हणाले.

सेवा केंद्र म्हणजे एक लांबट हॉल. एका बाजूला खिडक्या, टोकन घेऊन बसलेली माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर आजारी कॅमेरा. काचेच्या दारापलीकडे तपासणीची खोली. तिथे पांढऱ्या कोटातली ती बाई उभी होती. तिशी उलटलेली, डोळ्यांखाली काळं, बोटांच्या टोकांना काचा पुसायचं कापड. तिने काकूंना आधी पाणी दिलं. हे काकूंच्या फारच मनाला लागलं.

आधी भिंतीवरच्या काळ्यापांढऱ्या रेघांच्या तक्त्यावर फोटो काढले. वीसच्या वीस अचूक.

"तक्ता श्वास घेत नाही," काका म्हणाले. "आम्हाला तक्त्याचा वाढदिवस करायचा नाहीये. माणूस बसवा."

"मी बसू का?" त्या बाईने विचारलं.

"तुम्ही हलाल. हिला बसवा. ही चाळीस मिनिटं पापणीही हलवत नाही. हिच्या खांद्यावर एकदा चिमणी—"

"अहो," काकू म्हणाल्या.

त्यांना एका फिरत्या स्टुलावर बसवण्यात आलं. स्टूल फिरू नये म्हणून त्याच्या पायाला पुठ्ठा लावला. काचेच्या दारापलीकडे टोकनवाली माणसं उभी राहून पाहू लागली. काकूंनी पिशवीतून माळ काढली, डोळे मिटले, आणि देवाला म्हणाल्या की आज मला जागं ठेव. लगेच वाटलं, जागं ठेवलंस तर फोटो चांगले येतील, हे म्हणतील घरी येत नाहीत, भांडण चालूच राहील. म्हणून म्हणाल्या, झोपू दे. मग ती बाई आठवली. शेवटी काय मागावं हेच कळेना, तेव्हा त्या नुसत्या जपाला लागल्या.

भीतीने त्या अशा जाग्या होत्या की पहिले सहा फोटो पापणीच्या केसाकेसापर्यंत स्पष्ट आले. बाहेर कुणीतरी "वा" म्हटलं.

"घरी होतं ते इथे होत नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला होता, पण हटला नव्हता. "अधूनमधून होतं. मी लिहिलंय तसं. पूर्ण चाळीस मिनिटं करायचं."

"करूया," ती बाई म्हणाली. तिचा पुढचा सगळा महिना त्या चाळीस मिनिटांवर टांगला होता, पण आवाजात कुरकुर नव्हती.

खोलीत यंत्राची बारीक घरघर होती. दिव्यांची ऊब खांद्यांवर पडत होती. टायमर टिकटिकत होता. बारा मिनिटं गेली, पंधरा गेली. काकूंच्या अंगातली भीती हळूहळू निवत गेली आणि रिकाम्या जागेत ती ओळखीची, मऊ, जड पाहुणी येऊन बसू लागली. पापण्यांच्या आत उबदार अंधार दाटला. मणी बोटाखाली थांबला. आणखी एवढंसं, एक श्वासभर, सोडून दिलं की मान पुढे जाणार होती. कान स्पष्ट येणार होता. काका जिंकणार होते, आणि दगड दगडच राहणार होता.

टिक, टिक, टिक.

काकूंनी डोळे उघडले. जपाच्या वेळात एकही शब्द बोलायचा नाही हा त्यांचा नेम चोवीस वर्षांचा होता. दुसरा त्याहून जुना.

"मला झोप येतेय," त्या म्हणाल्या.

काका कॅमेऱ्यामागून वर आले. "दमलीस का? थोडा वेळ थांबूया."

"दमले नाही. येते. रोज येते."

"रोज म्हणजे?"

"रोज म्हणजे रोज. अकरा वर्षं. अकराव्या मिनिटाला लागते, कधी बाराव्या. तुम्ही बटण दाबता तेव्हा मी असते. फोटो निघतो तेव्हा मी नसते. पुढे जाते, मग दचकून मागे येते." काकूंना आपलाच आवाज फार मोठा वाटत होता. "लेन्स बरोबर आहे. दोन्ही बरोबर आहेत. या बाईंनी नीट तपासल्यात."

पांढऱ्या कोटातली बाई खाली वाकून एक स्क्रू शोधू लागली, जो पडलेलाच नव्हता. काचेपलीकडचं कुणी खोकलं.

काकांनी फाइल उघडली. एकेक पान उलटलं. कान. कान. नाक. अंबाडा. प्रत्येक पानाशी ते काकूंकडे पाहत आणि पुन्हा पानाकडे. एका पानावर थांबले.

"हा? यात तर केवढं तेज आहे चेहऱ्यावर."

"त्यात घोरत असेन," काकू म्हणाल्या.

काका खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "तक्रार मागे घ्यायचा फॉर्म असतो का?"

फॉर्म होता. तीन प्रतींत होता. त्यात एक रकाना होता: मागे घेण्याचे कारण. काकांनी पेनाचं टोपण काढलं आणि काकू स्टुलावरून उठल्या. हा कागद मुख्य कार्यालयात जाणार. तिथले अनोळखी लोक वाचणार. काकांचं अक्षर मोठं आणि सुवाच्य होतं, शेरे लिहून लिहून घोटलेलं. ते लिहितील तर नीटच लिहितील: तक्रारदाराच्या पत्नीस निद्रा. काकूंना खांद्यावरून डोकवायचं नव्हतं. तरी त्या डोकावल्या.

काकांनी लिहिलं होतं: तपासणी करणाऱ्याने, म्हणजे तक्रारदाराने, प्रमाणाची पडताळणी केली नाही. चूक त्याची.

खाली सही. बत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी किती जणांबद्दल लिहिलं असेल कोण जाणे. त्यांनी तिन्ही प्रतींवर ते पुन्हा पुन्हा लिहिलं आणि तिसऱ्या प्रतीवर अक्षर जरा बारीक झालं.

त्या बाईने कागद घेतला, वाचला, आणि काकूंचा हात दोन्ही हातांत धरला. काकांना म्हणाली, "काका, पहिली लेन्स मात्र खरंच वाकडी होती हो. ती तुमच्यामुळेच सापडली." यामुळे काका बोटभर उंच झाले. काकूंना ते दिसलं, आणि त्या बाईच्या कामाबद्दल त्यांची खात्री पटली.

बसथांब्यावर दोघं शेजारी उभी राहिली. दोन बस गेल्या.

"मला सांगितलं का नाहीस?" काकांनी विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारलं नाही हे खरं." तिसरी बस दिसू लागली. "आणि ती चिमणी आली तेव्हा?"

"तेव्हाही."

काका बसमध्ये चढले, खिडकीशी बसले, आणि तीन थांबे गेल्यावर त्यांचे खांदे हलू लागले. काकूंनी घाबरून वाकून पाहिलं. ते हसत होते.

अक्कांच्या वाढदिवसाला चौतीस माणसं जमली. काकांनी सगळ्यांना तीन रांगांत बसवलं, फोकसचा चौकोन अक्कांच्या डाव्या पापणीवर ठेवला आणि टायमर लावण्याआधी सर्वांना खणखणीत आवाजात विचारलं, "कुणाला झोप येतेय का? आत्ताच सांगा." काकू सोडून कुणालाही हे कळलं नाही. काकूंनी मान खाली घातली, तेवढ्यात काका धावत येऊन त्यांच्या शेजारी बसले आणि फोटो निघाला.

फोटो छापून अक्कांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, फोटो उजेडात धरला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ. काकांचा घाम हनुवटीवरून टपकला.

"बाळ्या," अक्का म्हणाल्या, "यात माझ्या सुरकुत्या मोजता येतायत. एवढं स्पष्ट कुणी सांगितलं होतं?" आणि त्यांनी भिंतीवरचा एकतीस वर्षांपूर्वीचा फोटो काढू दिला नाही. "राहू दे तो. त्यात मी बरी दिसते."

दुसऱ्या सकाळी काकू खिडकीशी बसल्या तेव्हा काकांनी समोर खुर्ची ओढली. "मी बसतो इथे," ते म्हणाले. "डुललीस की खोकतो. आता पडताळणी रोज."

काकूंनी डोळे मिटले. अकरावं मिनिट आलं, पाहुणी आली, पण आता खोकला येईल या धास्तीने उंबऱ्यावरूनच परत गेली. विसावं मिनिट गेलं, तिसावं गेलं. खोकला नाही. चाळिसाव्या मिनिटाला काकूंनी डोळे उघडले.

काकांची मान छातीवर पडली होती. तोंड जरा उघडं, एक हात खोकण्याच्या तयारीत ओठांपाशी येऊन तिथेच राहिलेला.

काकू आवाज न करता उठल्या. स्टँड कोपऱ्यात उभाच होता. इतक्या दिवसांत पाहून पाहून त्यांना सगळं येत होतं. चौकोन डाव्या पापणीवर नेला, बटण अर्धं दाबलं, लेन्स गुरगुरली आणि चिक म्हणाली. टायमर काही त्यांनी लावला नाही.

केसन् केस स्पष्ट आला.

तो फोटो आता त्यांच्या जपाच्या पोथीत खूण म्हणून असतो. त्या संध्याकाळी त्यांनी देवाला सांगितलं की आज डोळा लागला नाही. मग जरा थांबून सांगितलं की हसू मात्र दोनदा आलं, आणि ते चुकांत धरायचं की नाही, ते तूच बघ.